सवलत मिळाली, वाचन राहिलं

चौथीतल्या एका मुलाची श्रुतलेखनाची वही समोर आहे. दहा शब्द घातले होते, त्यातले दोन बरोबर आलेत. ‘किरण’चं ‘करिण’ झालंय, ‘सूर्य’चं ‘सुय्र’, ‘प्रकाश’चं ‘पकाश’. ‘मगर’ आधी ‘भगर’ लिहून, खोडून, दुरुस्त केलाय. त्याखालचं ‘घर’ मात्र ‘धर’च राहिलंय. पानाच्या तळाशी लाल शाईतला शेरा : ‘लक्ष नाही. अक्षर सुधारा. चुकलेले शब्द दहा वेळा लिहा.’ पुढच्या पानावर मुलाने सांगितल्याप्रमाणे दहा वेळा लिहिलंय. सुय्र, सुय्र, सुय्र…

या चुका जरा थांबून पाहिल्या तर त्या बेफिकीर वाटत नाहीत. पहिली वेलांटी आपण बोलतो अक्षरानंतर आणि लिहितो अक्षराआधी. रफाराचा ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि जाऊन बसतो ‘य’च्या डोक्यावर. ‘प्र’मध्ये दोन आवाज एकमेकांना इतके चिकटलेले असतात की ज्याच्या कानाला ते सुटे करता येत नाहीत तो एक गाळून टाकतो. आणि ‘घ’-‘ध’, ‘म’-‘भ’ यांच्यात फरक किती, तर शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा नि एखाद्या गाठीचा. बहुतेक मुलांचा मेंदू हे सगळं दुसरीपर्यंत गुपचूप आत्मसात करतो, त्यामुळे ते अवघड होतं हेच मोठ्यांच्या लक्षात राहत नाही. काही मुलांना ते कुणीतरी उलगडून, सुटं करून, पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. दहा वेळा लिहायला लावलं की असं मूल चूकच दहा वेळा गिरवतं.

याला आपल्याकडे कायद्याच्या भाषेत विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, पालकांच्या भाषेत ‘एलडी’. वाचनात अडलं तर डिस्लेक्सिया, लेखनात डिसग्राफिया, आकड्यांत डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन किंवा तिन्ही असणं नवलाचं नाही, आणि जोडीला अवधान टिकत नसेल तर गुंता वाढतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत शाळकरी मुलांमधलं प्रमाण ५ ते १५ टक्के दिलंय. चाळीसच्या वर्गात दोन ते सहा मुलं झाली.

गोष्ट नवी नाही. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात कुणापेक्षा मागे नाही, डोळे उत्तम. पण अनेक वर्षं शिकवूनही वाचता येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा त्याने अक्षरांची अदलाबदल करून लिहिलं आणि चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. त्याच्या मास्तरांचं मत असं होतं की शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. आपल्याकडच्या पालकसभांत हे वाक्य आजही वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं, फक्त पुढे एक शेपूट असतं : ‘… पण आळशी आहे हो.’

महाराष्ट्राने या बाबतीत देशात लवकर पाऊल टाकलं, हे आधी मान्य केलं पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोग विभागाने अशा मुलांसाठी खास तपासणी सुरू केली, १९९६ मध्ये पालक आणि तज्ज्ञांनी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी केली, आणि त्याच सुमारास राज्याने परीक्षेतल्या सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. तेव्हा हा शब्दही ठाऊक नसलेली राज्यं देशात बरीच होती. अकरा वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये, ‘तारे जमीन पर’ आला आणि जे डॉक्टरांच्या परिषदांना जमलं नव्हतं ते एका सिनेमाने केलं. घराघरात आया मुलांच्या वह्या पुन्हा उघडून पाहायला लागल्या. सिनेमाचा एक दुष्परिणामही झाला. अशा मुलात काहीतरी झाकलेली प्रतिभा असायलाच हवी, अशी अपेक्षा रूढ झाली. मूल चित्र काढत नसेल तर काय? बहुतेक काढत नाहीत. आइनस्टाईनही डिस्लेक्सिक होता, असं सांगायची पद्धतही पडली आहे. त्याचा पुरावा कच्चा आहे आणि गरजही नाही. साधारण बुद्धीच्या, साधारण आवडीनिवडीच्या मुलालाही वाचता आलं पाहिजे, एवढं पुरे.

मग अडलं कुठे? २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात एकवीस झाली आणि त्यात अध्ययन अक्षमता पहिल्यांदा आली. कायद्याचं कलम १६ शाळांना सांगतं, की ही अडचण शक्य तितक्या लवकर ओळखा आणि ती दूर करण्यासाठी शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करा. कलम १७ मध्ये परीक्षेतले बदल आहेत : जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. आपण सतरावं कलम उचललं, कारण ते कागदावर बसतं. अर्ज, शिक्का, आदेश, झालं. सोळावं राहिलं, कारण त्यासाठी दुसरी-तिसरीच्या वर्गात कुणीतरी रोज अर्धा तास बसावं लागतं.

याचा परिणाम दवाखान्याच्या बाकांवर दिसतो. मुंबईत शीव, नायर, केईएम इथल्या तपासणी केंद्रांत येणाऱ्यांत आठवी-नववीची मुलं बरीच. मिशा फुटायला लागलेली मुलं आईशेजारी फाईल धरून बसलेली. दहावीचा अर्ज भरायच्या आधी प्रमाणपत्र हवं असतं, त्यासाठीची ही धावपळ. एका बाईंना विचारलं, पहिल्यांदा शंका कधी आली होती? म्हणाल्या, “पहिलीतच. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगे उशिराच सुधारतात. मग पाचवीत म्हणाल्या, ट्यूशन लावा. आता नववीत म्हणतायत, सर्टिफिकेट आणा.” आठवीपर्यंत नापास करायचं नाही हा शिक्षणहक्क कायद्याचा नियम मुलांसाठी चांगलाच होता, पण त्याच्या आडोशाला न वाचणारं मूल अलगद पुढे सरकत राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला पुन्हा थांबवता येतं, म्हणजे आता ही धावपळ पाचवीकडे सरकणार.

तपासणी एका बैठकीत उरकत नाही, आणि उरकूही नये. आधी डोळे आणि कान. कितीतरी ‘एलडी’ चष्म्याने किंवा कानातला मळ काढल्यावर बरे होतात, हा डॉक्टरांचा जुना विनोद आहे आणि तो निव्वळ विनोद नाही. मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञाकडे बुद्ध्यांक चाचणी, मग विशेष शिक्षिकेकडे वाचन, लेखन, गणिताची चाचणी. मूल इयत्तेच्या किती मागे आहे आणि कशात मागे आहे, हे तिथे कळतं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र आयुष्यभराचं. प्रत्येक टप्प्याला वेगळी तारीख, प्रत्येक तारखेला एका पालकाची रजा. रोजंदारीवरच्या बापाला ही रजा परवडत नाही, आणि तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला तर एसटीचं भाडं, मुक्काम, सगळंच.

चाचणी कुठल्या भाषेत घ्यायची हा प्रश्नही बराच काळ लोंबकळत होता. इंग्रजीत तयार साधनं होती, मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र कुणीतरी केलेलं भाषांतर समोर ठेवलं जाई. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची चाचणी केली, तिच्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठी आहे. शिक्षकांना पहिली चाळणी लावता यावी अशी प्रश्नावलीही तिच्यात आहे. तो सोपा भाग आहे, शाळेत करण्यासारखा.

एक अख्खा गट या सगळ्यातून निसटतो. बुद्ध्यांक साधारणपणे ८५ च्या वर असेल तरच पुढची अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. सत्तरच्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमतेचा वेगळा दाखला मिळतो. मधल्या मुलांना, ज्यांना शिक्षक ‘स्लो लर्नर’ म्हणतात, काहीच मिळत नाही. कायद्याच्या एकवीस प्रकारांत ती नाहीत. चाचणीच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या आईला “तुमचा मुलगा बसत नाही” एवढंच ऐकायला मिळतं, आणि ती फाईल घेऊन परत जाते. प्रमाणपत्रालाच मदतीचं दार करून ठेवलं की दाराबाहेर कोण राहतं, ते इथे कळतं. शिकवण्यात मदत करायची असती तर आकड्याची गरजच नव्हती.

आणि उलटी बाजूही आहे. न वाचणारं प्रत्येक मूल ‘एलडी’ नसतं. नंदुरबारमध्ये घरी भिली किंवा पावरी बोलणारं, मेळघाटात कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याच्यासाठी परकी भाषा असते. ते तिसरीत अडखळलं तर दोष त्याच्या मेंदूत शोधायच्या आधी शाळेच्या भाषेत शोधायला हवा. ऊसतोडीला आईबापांबरोबर सहा महिने जाणाऱ्या पोराचंही तेच. शिकवलंच नसेल तर अक्षमता कशी मोजणार?

आता प्रत्यक्ष शिकवणं कसं असतं ते पाहू, कारण त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. डोंबिवलीत एका दोन खोल्यांच्या घरात एक विशेष शिक्षिका शिकवतात. मुलं त्यांना ताई म्हणतात. टेबलावर स्टीलच्या ताटात पसरलेला रवा, वाटीत चिंचोके, आणि पुठ्ठ्याची एक पट्टी, तिला मधोमध खिडकी कापलेली. समोर ‘सुय्र’सारख्याच चुका करणारा दुसरा एक मुलगा, तिसरीतला. आज जोडाक्षरातला ‘र’.

ताई पाटीवर काहीच लिहीत नाहीत. नुसतं म्हणतात, “क्रम.” मुलाने ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. तो दोन सरकवतो. “पुन्हा ऐक. क्… र… म.” आता तीन. “पहिले दोन कसे बसलेत?” तो दोन चिंचोके एकमेकांना टेकवतो. मग ‘क्रम’, ‘ग्रह’, ‘प्रत’, सगळे चिंचोक्यांनीच. दहाएक मिनिटांनी पहिल्यांदा अक्षर येतं, तेही कागदावर नाही, रव्यात, बोटाने, आवाज मोठ्याने म्हणत. बोट, डोळा, कान, तोंड एकाच वेळी कामाला. मग तेच ‘प्र’ असलेले पाच-सहा शब्द कार्डांवर, खिडकीच्या पट्टीतून एकेक. शेवटी श्रुतलेखन, आणि त्यात आज शिकलेला किंवा आधी पक्का झालेला शब्दच असतो. न शिकवलेला एकही नाही. मूल बरोबर लिहितं. चौथा शब्द झाल्यावर मान वर करून विचारतं, “ताई, हा र एका जागी का बसत नाही?”

प्रश्न रास्त आहे. ‘र’ कधी पूर्ण उभा, कधी ‘प्र’मध्ये तिरपी रेघ, कधी ‘ट्र’मध्ये खाली टोपी, कधी डोक्यावर रफार, आणि ‘दऱ्या’मध्ये आडवा. ताई एकेक रूप आठवडाभर पुरवतात. पाचही रूपं पाठ्यपुस्तकात थोड्याच पानांच्या अंतरात येऊन जातात, आणि शाळेचा तास तेवढ्यात पुढे गेलेला असतो.

या रीतीचं मूळ अमेरिकेत आहे. सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी १९३०च्या दशकात ती बांधली : आवाजापासून सुरुवात, सोप्याकडून अवघडाकडे ठरलेला क्रम, सगळ्या इंद्रियांचा वापर, आणि पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाणं. पण रव्यात बोट फिरवणं, चिंचोक्यांनी मोजणं हे आपल्या बालवाड्यांना अनोळखी नाही. बोर्डी-कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपल्यांनी मुलांना शिकवलं, तेव्हा त्यांच्यासमोर डिस्लेक्सिया नव्हता, गरिबी होती. साधनं तीच निघाली.

अशी शिकवणी आठवड्याला दोन-तीन वेळा, वर्ष-दोन वर्षं चालावी लागते. शहरात तासाला काही शे रुपये पडतात, कुठे हजारही. सरकारी शाळेत हे काम समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांनी करायचं, पण त्यांच्या वाट्याला अनेक शाळा, सगळ्या प्रकारची दिव्यांग मुलं, आणि नोकरी अनेक वर्षं कंत्राटीच राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं प्रमाण धरून कायमस्वरूपी पदं निर्माण करायला सांगितलं. गट साधन केंद्रात जाऊन विचारा, हे प्रमाण ऐकून लोक हसतात.

आता भाषेचा प्रश्न, जो मराठी घरात सगळ्यांत चुकीच्या पद्धतीने सुटतो असं मला वाटतं. घर मराठी, शाळा इंग्रजी. मूल अडखळलं की शाळा सुचवते, एक भाषा कमी करा. आईबाप कमी करतात ती बहुतेक वेळा मराठी, कारण इंग्रजी सोडणं शक्यच नसतं. पण वाचायला अवघड कोण? मराठीत अक्षर दिसलं की उच्चार जवळपास ठरलेला. इंग्रजीत तेच अक्षर शब्दागणिक वेगळं वाजतं, काही अक्षरं तर वाजतच नाहीत. १९९९ मध्ये वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी जपानमध्ये वाढलेल्या एका इंग्रजीभाषक मुलाची नोंद प्रसिद्ध केली. घरात इंग्रजी, शाळा जपानी. हा मुलगा इंग्रजी वाचनात गंभीर डिस्लेक्सिक, आणि जपानी वाचनात कॉलेजच्या मुलांच्या तोडीचा. दोन वर्षांनी पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज डिस्लेक्सिक प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली. वाचताना मेंदूत जे कमी पडत होतं ते तिघांतही सारखं; तरी इटालियन माणसं बरीच कमी चुकत होती, कारण त्यांची लिपी सरळ.

याचा अर्थ मराठी माध्यमात घातलं की डिस्लेक्सिया जातो, असा मुळीच नाही. मराठीत चुका कमी होतात, पण वाचन रेंगाळतं. मूल अक्षर अक्षर लावत राहतं आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. जोडाक्षरांची भिंत दुसरी-तिसरीत उभी राहतेच. पण ज्या भाषेत मूल विचार करतं, भांडतं, जिची लिपी त्याला साथ देऊ शकते, तीच पहिल्यांदा काढून टाकायची, हे उफराटं आहे. काही मुलांना खरोखर दोन लिप्या झेपत नाहीत. त्यांना सूट मिळायलाच हवी. कुठली भाषा सोडायची हे मात्र मुलाची वही पाहून ठरावं, सोसायटीतल्या इतरांकडे पाहून नाही.

आकड्यांत मात्र मराठी मुलाच्या वाट्याला जास्तीचं ओझं येतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सदतीस लिहिताना तीन आधी, बोलताना सात आधी. त्र्याहत्तर उलट. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात पण लिहायचा दोन. ज्या मुलाचा आकड्यांचा क्रम मुळातच डळमळीत, ते ३७ आणि ७३ मध्ये गटांगळ्या खातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं, तेव्हा विधानसभेपासून विनोदी चित्रांपर्यंत काय गदारोळ झाला ते आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं रद्द करत नाही, मुलांना सोपी पायरी देतो आहोत, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. आपण मात्र मराठी अस्मितेची लढाई लढलो. त्या वादात डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलाबद्दल कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही, आणि त्या पायरीचा सर्वांत जास्त फायदा त्यालाच होता. घरी करायला कुणाची बंदी नाही. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा, तीन गठ्ठे आणि सात सुट्या समोर ठेवा, ‘तीस सात’ म्हणू द्या, मग हळूच ‘सदतीस’ म्हणा.

शाळेत किती करता येतं? सातारा जिल्ह्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या सरांनी कुठलाही आदेश यायच्या आधी काही गोष्टी सुरू केल्यात. परिसर अभ्यासाच्या चाचणीत तीन मुलांना ते प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तर तोंडी घेतात. “परीक्षा झाडांची आहे, वाचनाची नाही,” एवढं त्यांचं स्पष्टीकरण. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लावत नाहीत. फोटो पालकांच्या मोबाइलवर जातो. प्रकट वाचनात या मुलांवर अचानक पाळी येत नाही, उद्या कुठला उतारा वाचायचाय ते आदल्या दिवशी कानात सांगितलेलं असतं. मूल घरी चार वेळा वाचून येतं आणि वर्गासमोर न अडखळता वाचतं. शेजारच्या मुलांना हे गुपित माहीत नाही. हे करायला परवानगी लागते का, असं विचारल्यावर सर म्हणाले, “आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती सगळं २०१० पासून आहेच की. आम्हीच चाचणीचा कागद सोडत नाही.”

याच्या उलट अनुभवही कमी नाहीत. शहरातल्या एका नामांकित शाळेने पालकांकडून लिहून घेतलं, की मुलाच्या निकालाला शाळा जबाबदार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी जादा वेळ मिळाला, पण तो शिपायांची घरी जायची वेळ झाली म्हणून दहा मिनिटं आधीच संपला.

घराकडे वळू. सल्ला द्यायची मला हौस नाही, पण ताईंकडे येणाऱ्या आयांकडून जे ऐकलं त्यात काही गोष्टी वारंवार आल्या. अभ्यासाला दीड तास बसवण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या दोन बैठका. मोठ्याने वाचायचं ते आळीपाळीने, एक ओळ आई, एक ओळ मूल. अडलं तर तीन सेकंद थांबून शब्द सांगून टाकायचा, ‘आठव, आठव’ करायचं नाही. इतिहास-विज्ञान कानांनी शिकू द्यायचं : धडा वाचून दाखवा, मोबाइलवर आवाज भरून ठेवा, क्रमिक पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमागेही पुष्कळ ऐकण्या-पाहण्यासारखं असतं. वाचता येत नाही म्हणून मुलाचं ज्ञान आणि शब्दसंपत्ती मागे पडू लागली की दुसरं संकट सुरू होतं, आणि ते टाळणं पूर्णपणे घरच्या हातात आहे. बाप या सगळ्यात बहुधा नसतो. एक बाई म्हणाल्या, “ह्यांना वाटतं मीच लाडावलाय. एकदा फक्त ताईंकडे तासभर बसवलं, मग गप्प झाले. नंतर म्हणाले, माझं पण असंच व्हायचं.” डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो, हे संशोधन त्या घराला असं कळलं.

आणि खेळ. शब्दाचे आवाज सुटे करून ऐकणं हीच जर मूळची अडचण, तर आपल्या आजीकडे त्यावर औषध होतं. शब्दांच्या भेंड्या, उखाणे, भोंडल्यातली यमकं, आणि ती ‘च’ची भाषा! शब्दातलं अक्षर उचलायचं, ‘च’ घुसवायचा, मोठ्यांना कळू न देता बोलायचं. प्रत्येक आळीत तिचे नियम वेगळे. वाचनतज्ज्ञ ज्याला ध्वनिभान म्हणतात त्याचा याहून कसदार व्यायाम एखाद्या किटमध्ये मिळेलसं वाटत नाही. डोंबिवलीच्या ताई शेवटची पाच मिनिटं मुलांशी ‘च’च्या भाषेत भांडतात. गंमत म्हणजे सुरुवातीला हीच मुलं त्यात सर्वांत मागे असतात. ‘च’ची भाषा न जमणं ही ताईंसाठी पहिली खूण असते.

आठवी-नववीत ओळखलेल्या मुलाचं काय, असा प्रश्न उरतोच. उशीर झालेला असतो, पण दार बंद झालेलं नसतं, आणि त्या वयात सवलती खरोखर लागतात. त्यांचीही तालीम करावी लागते, हे शाळा सांगत नाहीत. ठाण्यातली दहावीची एक मुलगी दर रविवारी इमारतीतल्या नववीच्या मुलीला समोर बसवून उत्तरं सांगते. तीच तिची लेखनिक. सांगणं सोपं नसतं. उत्तर डोक्यात आधी जुळवावं लागतं, आकृतीत कुठली रेघ कुठून कुठे ते शब्दांत सांगावं लागतं, लिहिणारीच्या वेगाने थांबावं लागतं. पहिल्या रविवारी तिने निबंध एका दमात सांगितला आणि वाक्य कुठे संपलं तेच लिहिणारीला कळेना. आता ती पूर्णविरामाला टेबलावर बोट आपटते. परीक्षा केंद्रावर हे चालेल का, हे मुख्याध्यापकांनी विचारून ठेवायचं कबूल केलंय.

सवलत हाती आली म्हणून तिच्या आईने वाचनाचा तास बंद केलेला नाही. दहावीच्या वर्षी त्याची काय गरज, असं सगळे नातेवाईक म्हणतात. पाठ्यपुस्तकाला मुलगी कंटाळलेली, म्हणून सध्या तिच्याकडे घरचं एक काम दिलंय : रोज सकाळी आजीला वर्तमानपत्रातलं भविष्य वाचून दाखवायचं, बाराही राशींचं, कारण आजीला सगळ्या नातेवाइकांची खबर हवी असते. आजीची स्वतःची रास कन्या, ती आता धडाधड येते. वृश्चिकला अजून अडतं. तिथे आजी तीन सेकंद थांबते आणि सांगून टाकते.